कुठल्या भाषेतलं ‘ने’

वेरिया,
३ फेब्रुवारी २०१९

ती. वेलिकावन्सं यांस,
दाफिनाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि सोबतची लाल मिरच्यांची माळ पोचली. माळ खिडकीत टांगली आहे. घरमालकीण एव्हांथियाबाई रोज काही ना काही निमित्तानं वर येतात, माझी चौकशी करतात आणि जाताना एक मिरची खुडून नेतात. मी बघितलंच नाही असं दाखवते. एकटीच्या घरात कुणीतरी चोरी करायला येतं, हेही बरंच आहे.

उत्तराला उशीर झाला त्याला कारण आहे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. फोन केला असता, पण फोन म्हणजे बरणीत अडकलेली माशी, असं तुम्हीच म्हणता. तेव्हा बसून नीट वाचा.

स्तोइमेनच्या आजारपणात औषधं आणि ती वर-खाली होणारी खाट कार्डावर घेतली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. कार्ड दोघांच्या नावाचं. तेव्हापासून मी पैसे भरते आहे, पण देणं काही उतरत नाही. मला वाटायचं, व्याज असेल. हिवाळ्यात फळांच्या गोदामात काम नाही, एव्हांथियाबाईंच्या कपाटातली पुस्तकं दोन-दोनदा वाचून झाली, म्हणून शेवटी बँकेचे कागदच वाचायला काढले. तुमचा भाऊ म्हणायचा ना, की दाफिनाच्या हातात काडेपेटी दिली तर ती आधी वाचेल आणि मग चूल पेटवेल. तर त्या कागदांच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, दर महिन्याला एक ओळ आहे: हप्त्यांचं संरक्षण. म्हणजे विमा. कार्डवाला आजारी पडला किंवा मेला तर त्याचे हप्ते म्हणे विमा भरणार. त्याचे पैसे माझ्याकडून गेल्या मेपासून कापताहेत. वन्सं, असला विमा मी घेतलेला नाही.

बँकेत गेले. समोरचा टायवाला तरुण, बोलायला गोड. त्यानं यंत्रात बघितलं आणि म्हणाला की बाई, तुम्ही फोनवर होकार दिलाय, आमच्याकडे तुमचा आवाज आहे. मी म्हटलं, शक्यच नाही. तर तो आवाज खाली आणून, अगदी दुःखात सामील झाल्यासारखा म्हणाला की तेव्हा तुमचे यजमान फार आजारी होते ना? मग साहजिक आहे हो. पुष्कळजण घेतात.

साहजिक आहे! म्हणजे नवरा खाटेवर असताना मी त्याच्या मरणावर पैज लावली, असं तो मला माझ्या तोंडावर सांगत होता. मी तशीच उठले. घरी आले, कोट न काढताच खुर्चीत बसून राहिले.

तो फोन मला लख्ख आठवतो. चुलीवर कोंबडीचं सूप होतं, मी स्तोइमेनची उशी सारखी करत होते. कुणीतरी भराभर विम्याचं बोलायला लागला, तेवढ्यात सूप उतू जाण्याचा वास आला. मी नको नको म्हटलं, एकदा नाही, तीनदा म्हटलं, फोन तिथेच तिवईवर टाकला आणि स्वयंपाकघरात पळाले. सूप घेऊन परत आले तर तुमचा भाऊ एकटाच हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काय झालं विचारलं, तर खोकल्यानं धड सांगता येईना, नंतर सांगतो म्हणाला. मग झोप लागली, मग ताप चढला, आणि ते राहूनच गेलं. वन्सं, त्याला हसताना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. कशाला हसला, ते अजून मला माहीत नाही.

म्हणून म्हणते, तो दिवस मी चुकीचा आठवते असं मला सांगू नये कुणी.

तुम्ही तरी असं मनात आणणार नाही ना? दोन ओळी लिहा. तुमच्या लोभावरच इथली थंडी निघते.

आपली,
दाफिना


पेत्रिच,
१९ फेब्रुवारी २०१९

प्रिय दाफिनास,
अ. उ. आ.

वेडे, असलं विचारतेस तरी कशी? माझ्या भावाचं तोंड तू शेवटपर्यंत पुसलंस, ते मी दाराशी उभी राहून पाहिलंय. कान गेले असतील, डोळे शाबूत आहेत माझे. त्या टायवाल्याला माझ्यासमोर आण, मी त्याला शेंगांच्या पोत्यावर बसवून चार शब्द सुनावते.

इकडे ठीक. बकरीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक थेट आपल्या मेयरसारखं बघतं. छपराची दोन कौलं वाऱ्यानं गेली. स्तोइमेनला जाऊन सहा महिने झाले तेव्हा लावलेला स्मरणाचा कागद अजून दाराला आहे, पावसानं फोटो फिका पडलाय, पण मिशी ओळखू येते. जूनमध्ये वर्षाचा लावू तेव्हा नवा फोटो हवा. हसरा असेल तर बघ. मेलेल्या माणसाला गंभीर बसवून ठेवायची आपल्याकडची रीत मला कधी पटली नाही.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना कपाळाला हात लावला. तू लिहितेस, मी नको नको म्हटलं. बाई गं, कुठल्या भाषेत?

तुम्ही दोघं नवीन तिकडे गेलात तेव्हाची ती घेवड्याची गोष्ट आठव. ही गोष्ट स्तोइमेन दर उन्हाळ्यात इथे येऊन सांगायचा आणि दर वेळी त्यात ताटं वाढवायचा. तुझ्या त्या एव्हांथियाबाईंनी जेवायला बोलावलं, घेवडा वाढला. अजून वाढू का विचारलं. हा सभ्यपणानं आपल्या भाषेत म्हणाला, ने, ने. म्हणजे नको. आणि त्यांच्या ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे हो! त्यांनी वाढलं. हा घाबरून आणखी जोरात ने, ने. त्यांनी पातेलंच आणलं. शेवटी बिचारा कमरेचा पट्टा सैल करून खात राहिला, आणि त्या बाई सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या की बल्गेरियन माणसाची भूक बघा.

त्यांचं नको म्हणजे ‘ओही’. तुला ते ठाऊक आहे, इतकी वर्षं तू तिथे काढलीस. पण सूप उतू जात असताना माणूस आईच्या भाषेत ओरडतो, दाफिना. तू ओही म्हणालीस की ने? नीट आठव.

सोबत मार्चात मनगटाला बांधायची मार्तेनित्सा पाठवलीय. त्याला जाऊन वर्ष झालेलं नाही म्हणून लाल दोरा एकच घातलाय, बाकी पांढरे. झाड फुललं की फांदीला बांध.

आणि पुन्हा तेच लिहिते. खालची खोली रिकामी आहे. चुलीचं धुराडं चांगलं ओढतं. ये आणि राहा. दोन म्हाताऱ्या एका घरात असल्या की निदान भांडायला तरी माणूस मिळतं. मागच्या वेळी तू ने लिहिलंस. नकार द्यायची तुझी खोड जुनीच. माझ्या भावालासुद्धा तू पहिल्यांदा नाहीच म्हणाली होतीस.

तुझ्यावर लोभ आहे तो आहेच. पत्राला वेळ लावलास तर मात्र त्यातला थोडा कापून घेईन.

तुझी,
वेलिका


वेरिया,
८ मार्च २०१९

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझी झोप उडवलीत! पत्र वाचून मी मोठ्यानं ओरडले, इतक्या मोठ्यानं की एव्हांथियाबाई मिरची न घेताच धावत वर आल्या. त्यांना सांगितलं तर त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग त्यांना घेवडा आठवून रडायला आलं. इतक्या वर्षांनी त्यांना आज कळलं की स्तोइमेनला तेव्हा भूक नव्हती! म्हणाल्या, अरे देवा, मी त्या माणसाला छळला गं, छळला. मग डोळे पुसून म्हणाल्या की चल, कोट घाल. बँकेत जायचंय.

गेलो. एव्हांथियाबाईंनी ठेवणीतली टोपी घातली होती. मी टायवाल्याला म्हटलं, माझा आवाज आहे म्हणता ना, मग ऐकवा. त्यानं कुठे कुठे फोन लावले, आम्हाला ताटकळत ठेवलं, आणि शेवटी एक तुकडा ऐकवला. एक माणूस विचारतो, बाईंना हे संरक्षण मान्य आहे ना? आणि मग माझा आवाज. ने, ने, ने.

वन्सं, विचार करा. माझाच आवाज आणि साक्ष माझ्याच विरुद्ध. मी नाहीच म्हणत होते, सगळा जीव एकवटून नाही म्हणत होते, आणि ऐकणाऱ्याला तो हो, हो, हो असा पोचला. खोटं मी बोलले नाही. खोटं तोही बोलला नाही म्हणायचं. मग हे घडलं कसं?

मी त्याला समजावलं. त्यानं मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला की बाई, तुम्ही आत्ता माझ्याशी उत्तम ग्रीक बोलताय. तेव्हाच नेमकं विसरलात? ह्याला उत्तर एव्हांथियाबाईंनी दिलं. त्यांनी विचारलं की मुला, बोटावर हातोडी बसली तर तू कोणाला हाक मारतोस, व्यवस्थापकाला की आईला? रांगेतले सगळे हसले. तो लाल झाला, पण हलला नाही. म्हणाला, आवाज हाच पुरावा.

आम्ही परत आलो. पण घरी आल्यावर चहा करता करता एक गोष्ट डोक्यात चमकली. त्यानं तुकडा ऐकवला होता. फोन मी बंद केला नव्हता, तिवईवर टाकला होता. मग पुढे काय झालं? पुढचा आवाज कुठे आहे?

गोदामात पेटीच्या तळाशी घालतात त्या वर्तमानपत्रात मी एकदा वाचलं होतं, की आपला आवाज कुणी साठवला असेल तर तो आपल्याला पूर्ण मागता येतो. तेव्हा पीच बाजूला ठेवून ते वाचलं म्हणून मुकादम ओरडला होता. आता त्याला एक पेटी पीच पाठवायला हवेत. मी त्याच संध्याकाळी बँकेला लिहिलं: सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधलं काही न कापता, सगळं पाठवा. शिवाय त्या विम्याच्या अटी वाचल्या तेही लिहिलं. आधीपासूनच्या आजाराला तो लागू नाही आणि हंगामी कामगारालाही नाही. म्हणजे आम्हा दोघांपैकी कुणालाही त्याचा छदामही मिळणार नव्हता. असली छत्री विकत घेण्याइतकी मी खुळी आहे का, असं लिहिलं होतं, ते एव्हांथियाबाईंनी खोडायला लावलं.

मला पैसे हवेत, खोटं कशाला बोलू. देणं फिटल्याशिवाय मी कुणाच्या दारात राहायला येणार नाही, तुमच्यासुद्धा. म्हणून खोलीबद्दल अजून ने. पण त्याहून मला तो शब्द परत हवाय. माझ्या ‘नाही’चं त्यांनी ‘हो’ केलं, आणि तेही त्याच्या आजारपणात. तो डाग घेऊन मी वर्षाच्या दिवशी त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायला कशी येऊ?

पीचला कळ्या आल्यात. मार्तेनित्सा मनगटावर आहे.

तुमच्या आशीर्वादाची गरज आहे, कंजुषी करू नका.

आपली,
दाफिना


पेत्रिच,
२२ मार्च २०१९

प्रिय दाफिनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी पाणवठ्यावर नेलं आणि ते कसं कोण जाणे सगळ्या गावाचं झालं. आता रोज कुणी ना कुणी माझ्या पाटीवर खडूनं लिहून विचारतं, बँकेचं काय झालं. दुकानदार म्हणतो तू हरणार, कारण बँक कधी हरत नाही. मी त्याच्याशी रकियाच्या बाटलीची पैज लावलीय, तेव्हा माझी अब्रू आता तुझ्या हातात आहे. पोस्टमन मला लांबूनच मान हलवून दाखवतो, आणि मला कळत नाही की पत्र नाही म्हणून हलवतो की उन्हानं.

मला मात्र एकच गोष्ट सारखी खुणावते. पुढचा आवाज. त्या खोलीत तेव्हा आणखी कोण होतं, दाफिना? तू तर स्वयंपाकघरात होतीस.

मी जास्त लिहीत नाही. घाबरते लिहायला.

खोलीला चुना लावून घेतला. तुझा ‘ने’ मी ग्रीकमध्ये वाचलाय.

कळलं की लगेच कळव. रात्र असो, दिवस असो.

तुझी,
वेलिका


वेरिया,
१४ एप्रिल २०१९

ती. वेलिकावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

बसा. बकरीला बांधून घ्या, चष्मा लावा आणि बसा.

बँकेचं पाकीट अथेन्सहून आलं. आत एक पत्र आणि बोटाएवढा पेन ड्राइव्ह. माझ्याकडे तो लावायला काही नाही, म्हणून खाली गेले. एव्हांथियाबाईंच्या टीव्हीला तो लागतो. त्यांनी टीव्हीवरचा विणलेला रुमाल काढला, खिडक्या लावल्या, आणि आम्ही दोघी सोफ्यावर चर्चमध्ये बसतात तशा बसलो. पडदा काळाच राहिला, त्यातून नुसता आवाज आला.

आता मी जसं ऐकलं तसं लिहिते. एकही शब्द माझा नाही. तुम्ही सगळी वर्षं त्याचे ओठ बघून ऐकायचात, आता माझी अक्षरं बघून ऐका.

आधी तो माणूस भराभर बोलतो. मग माझं ने, ने, ने. मग तिवईवर फोन आपटल्याचा आवाज आणि माझ्या सपाता पळताना. तो माणूस थांबत नाही, अटी वाचतच राहतो, गाडी सुटल्यासारखा. तेवढ्यात खाट करकरते. आणि मग, वन्सं, तो बोलतो.

आवाज बारीक, पण त्याचाच. त्याच्या त्या मोडक्या ग्रीकमध्ये. म्हणतो की पोरा, ए पोरा, थांब जरा, श्वास घे. बाई गेली. सूप उतू गेलंय. तो माणूस विचारतो, आपण कोण? हा म्हणतो की मी ज्याच्या आजाराचा तू विमा विकतोयस तोच. ऐक, ती ने म्हणाली ते आमचं ने. तुमचं ओही. माझ्यामुळे ह्या घरात एकदा घेवड्याचं अख्खं पातेलं संपलंय, मला विचार. तेव्हा लिहू नकोस काही. खोड ते.

तो माणूस गोंधळतो. म्हणतो, पण साहेब, बाईंनी तर होकार दिला.

तेव्हा तुमचा भाऊ हसायला लागतो. हसत हसत म्हणतो की बाळा, मीही असाच फसलो होतो. तंबाखूच्या शेतात तिला विचारलं, लग्न करशील का. ती ने म्हणाली. मी तिथल्या तिथे हो धरलं आणि दुसऱ्या दिवशी मागणी घालायला गेलो. पण मला तिचा नवरा व्हायचं होतं. तुला तिचं कोण व्हायचंय?

आणि मग नुसतं हसणं. खोकला, आणि पुन्हा हसणं. तो माणूस घाईघाईनं आभारी आहे म्हणतो. माझ्या सपाता परत येताना ऐकू येतात, वाटीत चमचा वाजतो, आणि मी आपल्या भाषेत विचारते की काय झालं रे एवढं हसायला? तो म्हणतो, नंतर सांगतो.

तिथे फोन बंद होतो.

एव्हांथियाबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. पडदा काळाच होता. आम्ही पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा मीही हसले, वन्सं. त्याच्या सोबत, त्याच्याच विनोदाला, वर्षभर उशिरा.

सांगितलं त्यानं. नंतर सांगतो म्हणाला होता, आणि सांगितलं.

बँकेच्या पत्राचं आता लिहिते, नाहीतर विसरायची. झालेल्या प्रकाराबद्दल त्यांना खेद आहे. विम्याचे सगळे पैसे व्याजासकट खात्यावर परत टाकले आहेत, त्यात उरलेलं देणं जवळजवळ संपतंय, थोडं राहील ते पीचच्या हंगामात निघेल. टायवाला मला रस्त्यात भेटला. त्यानं बहुतेक ऐकलं असावं. टोपी नव्हती तरी डोक्याकडे हात नेला आणि म्हणाला की तुमचे यजमान फार विनोदी होते. मी म्हटलं, होय, आणि त्यांनी तुम्हाला वेळेवर सांगितलंही होतं. मग माझा राग कुठे गेला कळलं नाही. चौकात उभी राहून मी सारखी इकडेतिकडे बघत होते, हे कुणाला सांगू, कुणाला सांगू असं झालं होतं. तर तुम्हाला सांगितलं.

झाडं सगळी गुलाबी होऊन झडलीसुद्धा. मार्तेनित्सा गोदामाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पीचला बांधली.

दुकानदाराशी लावलेल्या पैजेची बाटली तुम्ही जिंकलात. माझ्या वाटणीची जपून ठेवा.

आपली,
दाफिना


पेत्रिच,
१ मे २०१९

प्रिय दाफिनास,
अ. उ. आ.

ईस्टरच्या दिवशी तुझं पत्र घेऊन कबरीवर गेले. लाल अंडं ठेवलं, मेणबत्ती लावली, आणि पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्यानं म्हणजे किती, ते मला कळत नाही, पण पलीकडच्या कबरींवरची माणसं उठून जवळ आली आणि पातेल्याच्या ठिकाणी सगळी हसली. मला त्यांची तोंडं दिसली. देव त्याला क्षमा करो, स्मशानात एवढं हसू मी पाहिलं नव्हतं.

दुकानदारानं बाटली आणून दिली. तुझी वाटणी आहे, पण ती रोज थोडी कमी होते, कशानं ते मला विचारू नकोस.

एक तक्रार मात्र आहे. तू लिहिलंस, मग नुसतं हसणं. दाफिना, माझा भाऊ असा एका शब्दात कधी हसला नाही. लहानपणी मी ऐकलंय ते, कान चांगले होते तेव्हा. आधी नाकानं, मग घशात अडकून, आणि मग सगळं एकदम. तेच होतं का? तसंच? पत्रात नको सांगू. तो पेन ड्राइव्ह घेऊन ये. शेजारच्यांचा मोठा पेटीवाला स्पीकर आहे, लग्नात वाजतो तो. मी त्याच्यावर दोन्ही हात ठेवून बसेन. लग्नात ढोल मी तसाच ऐकते, हाडातून. भाऊ काय ऐकू येणार नाही?

वर्षाच्या दिवशी उकडून वाटायचा गहू निवडून ठेवलाय. फोटो हसराच लावायचा.

आता देणं नाही, डाग नाही, कारण नाही. खोलीचा चुना वाळला, खिडकीत मिरच्या टांगल्यात, इथे चोरायला कुणी येत नाही म्हणून मीच अधूनमधून एक खुडते. शेवटचं विचारते. वर्षाला येशील तेव्हा राहायला येतेस का? हंगाम संपला की ये, हवं तर. आणि उत्तर देशील ते कृपा करून आपल्या भाषेत दे. मला पुन्हा अंदाज करायला लावू नकोस.

वाट बघणारी,
वेलिका


(पोस्टकार्ड, चित्र: फुललेली पीचची बाग)

वेरिया,
१२ मे २०१९

ती. वन्सं,
दा.

तुमची दाफिना

ता. क. : आपलं ‘दा’. म्हणजे हो. एव्हांथियाबाई म्हणतात, त्यांचीही खाट घाला. घेवडा त्या करणार आहेत.